जाहिरातदारांचा ‘बहिष्कार’ की ‘काढता पाय’?

प्रश्न असा : रेडिओवरच्या वादग्रस्त कार्यक्रमातून जाहिरातदार निघून गेले, तर ‘जाहिरातदारांनी बहिष्कार टाकला’ म्हणावे का?

व्याकरणात चूक नाही, पण अर्थ निसटतो. बहिष्कार चारचौघांत जाहीर होतो आणि त्यामागे निषेध किंवा मागणी असते. निवडणुकीवर, परीक्षेवर, १९०५च्या चळवळीत विलायती मालावर घातला तो बहिष्कार. (माणसावर घातला की तो ‘वाळीत टाकणे’ होतो. महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यासाठीच आहे.) जाहिरातदाराला बहुधा आपले नाव वादापासून लांब ठेवायचे असते, एवढेच.

अमेरिकेतले २०१२चे प्रकरण घ्या. रश लिंबॉ हा तेव्हा तिथल्या टॉक रेडिओचा, म्हणजे गाण्यांऐवजी चर्चेवर चालणाऱ्या रेडिओचा, सर्वांत मोठा निवेदक होता. २९ फेब्रुवारीला त्याने सँड्रा फ्लूक या कायद्याच्या विद्यार्थिनीला कार्यक्रमातच वेश्या म्हटले. गर्भनिरोधकांचा खर्च आरोग्यविम्यात यावा, असे तिने लोकप्रतिनिधींपुढे सांगितले होते. श्रोत्यांनी आणि संघटनांनी कंपन्यांवर दबाव आणला. या मोहिमेला ‘बहिष्काराची हाक’ म्हणणे अगदी चपखल. कंपन्यांनी पुढे जे केले, त्याला मात्र एकच शब्द पुरत नाही.

कार्बोनाइट या कंपनीने ३ मार्चला, लिंबॉने माफी मागितल्यावरही, जाहिराती बंद करत असल्याचे उघड सांगितले. इथे ‘जाहिराती काढून घेतल्या’ हेच नेमके. गाजावाजा न करता सटकलेल्यांसाठी मराठीत ‘काढता पाय घेणे’ आहेच. अवघड जागेतून अंग काढून घेण्याची छटा त्यात आयती मिळते, म्हणूनच कार्बोनाइटला तो वाक्प्रचार लावू नये.

तिसरा प्रकार बातम्यांत हमखास चुकतो. असे कार्यक्रम शेकडो स्थानिक केंद्रांवर लागतात. काही जाहिराती कार्यक्रम पुरवणारी कंपनी विकते, काही केंद्र स्वतः विकते. केंद्राकडे नुसती वेळ घेतलेल्या दुकानदाराची जाहिरात कुठल्या कार्यक्रमात पडेल, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. त्याने काहीच ‘सोडलेले’ नसते. ‘आमची जाहिरात त्या कार्यक्रमात लावू नका’ एवढीच सूचना दिलेली असते. कार्यक्रम पुरवणाऱ्या प्रीमियर नेटवर्क्सच्या पत्रातली ९८ जाहिरातदारांची यादी अशीच, ‘लावू नका’ सांगणाऱ्यांची होती. तिच्यावरून ‘९८ प्रायोजकांची पाठ’ असा मथळा केला, तर त्यात दोन चुका होतात : ते सगळे सोडून गेलेले नव्हते आणि प्रायोजकही नव्हते. ज्याचे नाव कार्यक्रमाला जोडलेले असते तो प्रायोजक. ठरावीक सेकंद विकत घेतो तो जाहिरातदार.

‘पाठ फिरवली’ श्रोत्यांना शोभते. ‘माघार घेतली’मध्ये लढत किंवा उमेदवारी डोकावते. ‘हात आखडता घेतला’ म्हणजे खर्च कमी केला, बंद केला नव्हे.

‘सोडचिठ्ठी’ तर फारच जपून वापरावी, कारण ती कायमची असते. स्लीप ट्रेन या गाद्या विकणाऱ्या कंपनीने जाहिराती बंद केल्या आणि थोड्याच दिवसांत त्या पुन्हा सुरू करता येतील का, असे विचारले. लिंबॉकडून नकार आला. तिच्याबाबत ‘जाहिराती थांबवल्या’ एवढेच लिहिणे रास्त.