झोपेत छातीवर कोणीतरी बसतं, अंग हलत नाही. ही बाहेरची बाधा आहे का?

पहाटे डोळे उघडे, हातपाय लाकडासारखे, छातीवर कोणीतरी बसलेलं, आणि घरचे म्हणतात देवऋषीकडे चल, असं तुम्ही लिहिलंय. मलाही कॉलेजात असताना हे व्हायचं. तुम्हाला भास झाला म्हणून हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अनुभव खरा आहे. बाधा मात्र नाही.

याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली पळापळ आपण अंथरुणात केली असती. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. तेवढा वेळ स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं. श्वास सुरूच असतो, पण मुद्दाम खोल घेता येत नाही, म्हणून दडपल्यासारखं होतं.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोक म्हणत, म्हातारी येऊन छातीवर बसते. वैरी तिला मुद्दाम पाठवतो असंही मानत आणि बचावासाठी खिळे ठोकलेली फळी छातीवर घेऊन झोपत. लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी १९७०च्या दशकात तिथे या हकिगती गोळा केल्या. त्यांना स्वतःला १९६३मध्ये, विद्यार्थी असताना, हाच अनुभव आला होता, आणि तेव्हा या म्हातारीबद्दल त्यांनी काही ऐकलेलंही नव्हतं. म्हणजे गोष्ट ऐकून अनुभव येतो असं नाही. आधी अनुभव, मग प्रत्येक गाव त्याला आपापलं नाव देतं. इटलीच्या अब्रुत्सोत ती पांडाफेके नावाची चेटकीण होते. पलंगाशी झाडू ठेवला की ती काड्या मोजत बसते म्हणे!

पण नावाचा परिणाम होतो. इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना झाली तेव्हा, जिन्न नावाच्या भुताचा हल्ला मानणाऱ्या इजिप्तमध्ये भीती कितीतरी जास्त आढळली. भीतीने झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेत हे पुन्हा होतं. म्हणूनच देवऋषी नको म्हणतो. तो भीतीवर शिक्का मारेल.

आजीने उशाखाली सुरी ठेवली किंवा तुम्ही रामरक्षा म्हटली, तर खुशाल. धीर येतो, तो हवाच. पाठीवर न झोपता कुशीवर झोपा, जागरणं टाळा. असं झालं की आधी एक बोट हलवायचा प्रयत्न करा. दिवसाही झोप आवरत नसेल किंवा हसताना गुडघ्यातलं बळ जात असेल, तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवा.