रजई आहे ना घरात? मग लॅपटॉप राहू द्या

मागच्या वेळी म्हटलं होतं की घरच्या घरी रेकॉर्डिंगबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर प्रश्नांचा नुसता ढीग पडलाय. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, कोणता लॅपटॉप घेऊ. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: दादा, मी गाते आणि गिटार वाजवते. घरी चारेक वर्षं जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. सगळे म्हणतात आधी तगडा कॉम्प्युटर घे आणि उरलेल्या पैशात माइक बघ. बजेट खरंच कमी आहे. काय करू?

बरोब्बर उलटं करा ताई. जुना लॅपटॉप ठेवा आणि पैसे माइक, इंटरफेस (म्हणजे माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा) आणि हेडफोनकडे वळवा. लोकांना वाटतं रेकॉर्डिंग म्हणजे कॉम्प्युटरला फार मोठं काम, पण जरा हिशोब करून बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाच्या एकेक मोजण्या), प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १४४ केबी झाले. एकदम आठ ट्रॅक रेकॉर्ड केले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाहीत, आणि तुमचे तर दोनच असणार, एक आवाज एक गिटार. पाच मिनिटांच्या गाण्याचा एक ट्रॅक साधारण ४३ एमबीचा होतो. हे काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पण झोपेत करेल.

कॉम्प्युटरचा घाम निघतो तो नंतर, म्हणजे तुम्ही प्रत्येक ट्रॅकवर चार-चार प्लगइन (इफेक्ट देणारे छोटे प्रोग्राम) टाकता किंवा मोठमोठ्या सॅम्पल लायब्रऱ्या (वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले सूर) लोड करून त्यावर व्हायोलिन-ड्रम वाजवता तेव्हा. त्यावर सुद्धा उपाय आहे, जो ट्रॅक झालाय तो फ्रीझ करून टाकायचा, म्हणजे इफेक्टसकट तयार आवाज बनवून ठेवायचा, प्रोसेसर मोकळा होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या आणि जागा असेल तर रॅम १६ करा, बास. पुढे कधी नवीन घेतलाच तर एक लक्षात ठेवा, गेमिंगचा ग्राफिक्स कार्डवाला मोह नको. ते कार्ड इथे फारसं काहीच करत नाही, वर त्याचा पंखा घुर्रर्र करत तुमच्या प्रत्येक टेकमध्ये येऊन बसतो.

सॉफ्टवेअरवर पण आत्ता पैसे नकोत. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे. विंडोजवर रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि नंतरचं लायसन्स पण बाकीच्यांच्या मानाने स्वस्त. नुसतं पुस्तक-वाचन किंवा पॉडकास्ट असेल तर ऑडॅसिटी पुरते.

प्रश्न: यूएसबी माइक घ्यावा की इंटरफेस आणि वेगळा माइक? एकटाच बोलणार आहे, पॉडकास्ट.

आज एकटे आणि उद्याही एकटेच असाल, तर यूएसबी माइकमध्ये काही वाईट नाही, उगाच कमीपणा वाटून घेऊ नका. पण पाहुणा येणार असेल किंवा कधी एखादं वाद्य जोडायचं असेल तर इंटरफेसच घ्या, कारण दोन यूएसबी माइक एकाच सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी चालवायला गेलं की प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं असतं आणि मग आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकायला लागतात, आणि तुम्ही डोकं धरून बसता. दोन इनपुटचा साधा इंटरफेस घरच्या कामाला वर्षानुवर्षं पुरतो. घेताना चार गोष्टी बघायच्या: ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधून लागणारी वीज) आहे का, गिटारसाठी इन्स्ट्रुमेंटचं बटण आहे का, डायरेक्ट मॉनिटर (आपला आवाज थेट हेडफोनमध्ये देणारी सोय) आहे का, आणि तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर कंपनी अजून देते का. सेकंडहँड घेणार असाल तर ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी बघा. जुने फायरवायरवाले इंटरफेस फार स्वस्तात दिसतात आणि मन ललचावतं, पण आताच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं.

प्रश्न: कंडेन्सर माइक घेतला तर खोलीतला सगळा कचरा येतो म्हणतात. मग डायनॅमिक घेऊ का? आणि भिंतींना फोम लावायचा विचार आहे. खोली छोटी, भिंती उघड्या, खाली रस्ता.

आता आलात मुद्द्यावर. (नवख्यांसाठी: कंडेन्सर म्हणजे बारीकसारीक सगळं टिपणारा माइक, डायनॅमिक त्याहून कमी टिपणारा आणि दणकट.) माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ खोलीतच असतं, आणि लोक तिच्यावर सोडून बाकी सगळ्यावर खर्च करतात.

आधी एक करा. खोलीच्या मधोमध उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असं पत्रा थरथरल्यासारखं शेपूट ऐकू आलं ना, तेच शेपूट तुमच्या प्रत्येक शब्दाला चिकटणार आहे, माइक कुठलाही घ्या. मी स्वतः पहिल्यांदा हौसेने कंडेन्सर आणला, रात्री दार-खिडक्या लावून कविता वाचली आणि हेडफोन लावून ऐकलं तर मी विहिरीत बसून वाचतोय असं वाटलं, शिवाय कवितेच्या मागे भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंय. ते घड्याळ त्या खोलीत आहे हे सुद्धा मी विसरून गेलो होतो! मला वाटलं माइकच खराब आहे, बदलायला निघालो होतो. मग नुसतं घड्याळ बाहेर ठेवलं, माझ्या पाठीमागे दोन जाड रजया वाळत घातल्यासारख्या टांगल्या आणि तोच कागद परत वाचला. माइक तोच होता, पण फरक इतका की बायकोने विचारलं नवीन घेतलास का.

रजई कुठे लावायची यात पण गंमत आहे. बहुतेक जण माइकच्या मागे लावतात. पण कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, त्यामुळे त्याच्या तोंडासमोर जे आहे, म्हणजे तुम्ही आणि *तुमच्या मागची* भिंत, तीच आधी झाकायला पाहिजे. आणि माइकची पाठ करायची ती लॅपटॉपकडे, रस्त्याच्या खिडकीकडे, जे काही आवाज करतंय त्याच्याकडे. फुकटचा उपाय आहे हा. एक नेहमीचा बावळटपणा पण सांगून ठेवतो, बऱ्याच कंडेन्सरमध्ये बोलायचं ते बाजूने, लोगो असतो त्या अंगाने, वरच्या टोकात नाही. माझ्या एका मित्राने महिनाभर वरून बोलून 'हा माइक मंद आहे' असा निकाल देऊन टाकला होता.

फोमचं म्हणाल तर पातळ फोमने वरचे वरचे सूर शोषले जातात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, मग खोली आणखीनच कोंदट वाजते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला एक इंच फोम काय अडवणार? जाड खनिज लोकरीचे, म्हणजे रॉकवूलचे पॅनल करून कापडात बांधले तर खरा उपयोग होतो. अंड्यांचे ट्रे लावायचे असतील तर लावा, ऐकण्यात काही फरक पडणार नाही. आणि रस्त्याचा आवाज यातल्या कशानेच थांबत नाही हं, फोमनेही नाही आणि रजईनेही नाही. घुमारा कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं, दुसऱ्याला वजनदार भिंती आणि फटी बुजवलेली दारं लागतात. तुम्ही आपलं रहदारी कमी असते ती वेळ शोधा.

मग डायनॅमिक का कंडेन्सर? तुमच्या वर्णनावरून डायनॅमिक घ्या. पण डायनॅमिक काही जादूने खोली गाळत नाही, त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलावं लागतं म्हणून खोली कमी येते. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो, सगळा खेळ एवढ्यात आहे. कंडेन्सरला एक वीत, डायनॅमिकला चार बोटं, असं मी धरतो. चार बोटांवर आलं की आवाज जाड होतो आणि 'प', 'फ', 'भ' फुटायला लागतात, तेव्हा पॉप फिल्टर लावा किंवा माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता जरा कडेला ठेवा. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक, स्टेजवर पडून-आपटूनही चालतो आणि घरी पण चालतो. एसएम७बी सगळ्या व्हिडिओंत दिसतो म्हणून हवा असतो लोकांना, पण त्याला ६० डीबीच्या आसपास गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो आणि स्वस्तातला इंटरफेस तेवढा गेन द्यायला गेला की खालून खरखर यायला लागते, मग बूस्टर घ्या, म्हणजे परत खर्च. शांत खोली आणि नाजूक गिटार असती तर मी ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० सारखा साधा कंडेन्सर सांगितला असता.

प्रश्न: गाताना माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, ताल चुकतो. लॅपटॉप कमी पडतोय का?

नाही हो. आधी सांगा, हेडफोन ब्लूटूथ तर नाहीत ना? असतील तर तिथेच विषय संपला, वायरवाले लावा. नसतील तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येईल. इफेक्ट लावूनच ऐकायचं असेल तर मग सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, वर ड्रायव्हरचा थोडा. १२८ केलं तर एका बाजूला २.७. टकटक आवाज यायला लागला तर एक पायरी वर जा, आणि मिक्सिंगला बसलात की खुशाल १०२४ ठेवा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाका, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद.

प्रश्न: हेडफोन आधी की स्पीकर?

हेडफोन. बंद पाठीचे, नाहीतर क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात वाजणारी तालाची टकटक, माइकमध्ये गळतो. सोनीचे एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओंमध्ये आहेत, वायर गुंडाळीची आहे आणि दिसायला काही खास नाहीत, पण चूक लपवत नाहीत. उघड्या खोलीत महागडे स्पीकर म्हणजे त्याच टाळीचं शेपूट पैसे देऊन ऐकणं.

प्रश्न: १९२ किलोहर्ट्झवाला इंटरफेसच घ्यावा ना?

नको. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत, तोही तरुणपणी. सॅम्पलचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त असला की झालं, म्हणून ४४.१ किंवा ४८ पुरेसं, व्हिडिओ करणार असाल तर ४८. बिट मात्र २४ ठेवा आणि लेव्हल शून्याला टेकवायच्या मागे लागू नका, सगळ्यात मोठा सूर उणे १२ ते उणे १० डीबीला थांबला तरी छान.

प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज येतो. केबल बदलली, माइक बदलला, तरी तेच.

मी दोन रात्री असाच केबली बदलत बसलो होतो. चार्जर काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून एक मिनिट रेकॉर्ड करा. घूं गेलं तर माइक निर्दोष आहे, चार्जर किंवा अर्थिंगची भानगड आहे, तेव्हा सगळं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन बघा आणि स्पीकर जोडले असतील तर बॅलन्स्ड केबल (वाटेतली घरघर कापणारी तीन तारांची) वापरा. कुणी अर्थिंगची पिन काढून टाका म्हणेल, ते अजिबात करू नका, जिवाशी खेळ आहे. घूं बॅटरीवरही राहिलं आणि ते फक्त गिटारलाच येत असेल तर गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला आवाज कमी होईल, तिथे खुर्ची ठेवा आणि तिथेच बसून वाजवा.