दोनाचे चार डेक

प्रश्न : डीजेसाठी दोन प्लेअर आणि दोन चॅनलचा (म्हणजे दोन प्लेअरचे आवाज एकत्र करणारा) मिक्सर आहे. चार डेक (गाणी वाजवायचे चार प्लेअर) करायचे आहेत. आधी काय घेऊ? (एक वाचक, कळवा, ठाणे)

उत्तर : आधी मिक्सरच. चार चॅनलचा घ्या. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र ट्रिम (येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारं बटण), तीन पट्ट्यांचा ईक्यू (हाय, मिड, लो म्हणजे बेस कमी-जास्त करायला) आणि क्यू बटण (गाणं आधी हेडफोनवर ऐकायला) हवंच. नवे प्लेअर शक्यतो आहेत त्याच मॉडेलचे घ्या. लॅनने (नेटवर्कच्या वायरने) एकमेकांना जोडता येणारे असतील तर एकाच पेनड्राइव्हवरची गाणी चारही डेकवर वाजतात. चार प्लेअर आणि मिक्सर मिळून पाच पोर्ट लागतात, म्हणून आठ पोर्टचा नेटवर्क स्विच (या वायरी एकत्र जोडणारा डबा) घ्या. प्लेअरना १ ते ४ वेगवेगळे क्रमांक द्या.

आवाज फाटला तर मिक्सरच्या मागे बघा. बऱ्याचदा प्लेअरची वायर लाइनऐवजी फोनो इनपुटमध्ये गेलेली असते. फोनो इनपुट टर्नटेबलचा (रेकॉर्ड प्लेअरचा) क्षीण सिग्नल कित्येक पट वाढवतो; प्लेअरसाठी लाइनच. आणि दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजवू नका, एकाचा लो पूर्ण उतरवा. मास्टरचा (मिक्सरमधून बाहेर जाणारा एकूण आवाज दाखवणारा) लाल दिवा तिथेच पेटतो.