सोलर बसवा, पण पॉलिसीवर कर्ज काढून नको

प्रश्न : सिन्नरला स्वतःचं रो-हाऊस आहे. वय ४१, मुसळगावच्या कंपनीत नोकरी, हातात ४६ हजार येतात. घरकर्ज १८ लाख बाकी, दोन मुलं शाळेत. विजेचं बिल महिन्याला १,९०० च्या आसपास. डीलर ३ लाखांत ५ किलोवॉटचं सोलर देतोय. ७८ हजार अनुदान मिळेल, बिल शून्य होईल, उरलेली वीज विकून कमाईही होईल म्हणतो. दीड लाखाची एफडी मोडून आणि दीड लाख पॉलिसीवर कर्ज काढून बसवू का?

उत्तर : सोलर जरूर बसवा, पण २ किलोवॉटचं. तुमच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला आहे. कूलर चालतो त्या मे महिन्यातही तो २१२ युनिटच्या वर गेलेला नाही. आपल्याकडे १ किलोवॉटमागे महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात, मग ५ कशाला? पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६० हजार अनुदान आहे, ३ ला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही मोठं घ्या, तेवढंच. म्हणजे ५ किलोवॉटला पदरचे २ लाख २२ हजार घालून वाचणार वर्षाला २० हजार. वसुलीला ११ वर्षं. २ किलोवॉट सव्वा लाखात बसलं तर पदरचे ६५ हजार, सव्वातीन वर्षांत वसूल. उरलेल्या युनिटला वर्षअखेरीस मिळणारा दर तुमच्या घरगुती दरापेक्षा फारच कमी असतो. त्याला कमाई म्हणू नका. स्थिर आकार भरावा लागतोच. आणि बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरही बंद पडतं, हे डीलरने सांगितलं होतं का?

तुमचं पत्र वाचून जीव खाली-वर झाला तो पॉलिसीमुळे. वर्षाला ७२ हजार हप्ता, मुदत २० वर्षं, विमा फक्त १० लाखांचा. झेरॉक्सच्या कोपऱ्यात एजंटने बॉलपेनने ‘२५ लाख फिक्स’ लिहून दिलंय. बोनस दरवर्षी जाहीर होतो, तो फिक्स नसतो. मिळाले असं धरलं तरी परतावा ५ टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ३२ लाखांच्या घरात जातात. पण परताव्याचं सोडा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर विम्याच्या या १० लाखांत बँकेचं घरकर्जसुद्धा फिटत नाही. मुलांच्या हातात काय उरेल? आणि त्याच पॉलिसीवर तुम्ही कर्ज काढायला निघालात, जे क्लेममधून आधी वळतं होणार!

या महिन्यात एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, साठीपर्यंतचा. हप्ता वर्षाला २०-२५ हजारांच्या आसपास बसेल. शुगर-बीपी असेल तर अर्जात लपवू नका. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनीचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा. सहा हप्ते भरलेत, तेव्हा ३ लाखांचं कवच आणि जमलेला बोनस शाबूत राहतो. आत्ता सरेंडर केलीत, म्हणजे मोडून पैसे घेतलेत, तर मोठी खोट बसेल. वर्षाला सुटणारे जवळपास ५० हजार पीपीएफमध्ये टाका.

एफडीला हात लावू नका, अडीअडचणीला तुमच्याकडे तेवढीच आहे. सोलरला सरकारी बँका सूर्यघरचं कर्ज विनातारण देतात, पॉलिसीवरच्या कर्जापेक्षा स्वस्त. अनुदान नंतर खात्यात येतं, ते आलं की थेट त्या कर्जात भरा. टर्मच्या अर्जात पत्नीला नॉमिनी करा, आणि कागद कपाटात कुठे ठेवलेत ते तिला त्याच दिवशी दाखवा.