नववी-दहावीच्या मुलांशी लैंगिक धोक्यांबद्दल बोलताना

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडच्या शाळेत पहिलं सत्र घेणार असाल, तर रोगांचे भीतीदायक फोटो घरीच ठेवा. धोका असतो हे मुलांना बहुधा माहीत असतं. "एकदाच तर आहे" हा त्यांचा हिशेब, आणि तो फसतो बेरजेत. डब्यात २० चिठ्ठ्या टाका, एकीवर फुली; फुली म्हणजे धोका. प्रत्येकाने १० वेळा उचलायची, दर वेळी परत टाकून. ४० जणांत साधारण १६ जणांना निदान एकदा फुली येते. चिठ्ठी परत टाकली नाही, तर आकडा साधारण २० होतो. पाच जणांना एक डबा द्या, नाहीतर तास त्यातच संपेल.

मित्रांसमोर नकार देणं मुलांना धोक्यापेक्षा महाग वाटतं. म्हणून नकाराची वाक्यं मोठ्याने म्हणवून घ्या. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, पण संसर्ग ती रोखत नाही. इथे हमखास गोंधळ होतो.

प्रश्नपेटी निनावीच ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक प्रकरण कळलं की पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. फळ्यावर १०९८, मुलांसाठीचा मदत क्रमांक, लिहून ठेवा.