एकतिसाव्या आठवड्यातलं बाळ एसएनसीयूमध्ये आहे, खाजगीत हलवायचं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वहिनींचं सिझर एकतिसाव्या आठवड्यात झालं, बाळ १३५० ग्रॅमचं, आज सहावा दिवस. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, नाकाला सीपॅप (श्वासासाठी नाकातून हवेचा दाब देणारं यंत्र) लावलाय, वजन १२४० वर आलंय. घरचे म्हणतात खाजगीत हलवा, आणि वहिनींना घरी नेऊन आराम द्या. मी डॉक्टर नाही, पण नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्यावरून सांगते.

आधी दुसऱ्या गोष्टीचं. वहिनींना घरी नेऊ नका. बाळाच्या उपचारातला निम्मा भाग त्यांच्याकडे आहे आणि तो त्या घरी बसून देऊ शकत नाहीत.

पहिलं म्हणजे दूध. या बाळांची आतडी कच्ची असतात. आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा एक आजार असतो, एनईसी म्हणतात. पावडरच्या दुधावर त्याचा धोका आईच्या दुधापेक्षा बराच जास्त. सुरुवातीला चीक थेंबभरच निघतो आणि बाई खचते, ‘मला दूधच नाही’ म्हणते. निघेल तेवढा थेंबही सिस्टरकडे द्यायचा. दिवसरात्र मिळून आठ वेळा हाताने काढायचं, रात्रीची वेळ चुकवायची नाही. तरी कमी पडलं तर मातृदुग्धपेढीची चौकशी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली पेढी सुरू केली. आता इतरही रुग्णालयांत आहेत. बाटली मात्र आणून ठेवू नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. तोवर पोटात घातलेल्या नळीने, मग वाटी-चमचा किंवा बोंडल्याने.

दुसरं, कांगारू केअर. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला वळवून, वरून कापडाने बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी हे सुरू केलं तेव्हा इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून अजूनही लोकांना ती गरिबांची सोय वाटते. तसं नाही. पाच देशांतल्या, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं, अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मल्यापासूनच छातीशी धरलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. सीपॅपवरच्या बाळालाही, डॉक्टर हो म्हणाले तर, देता येतं. तेव्हा उद्या राऊंडला हेच विचारा: ‘कांगारू कधी सुरू करायचं?’ वहिनी दमल्या की दादा बसू शकतात, तुम्हीसुद्धा. अंघोळ करून, नखं कापून, अंगठ्या-बांगड्या काढून जा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नका.

आता हलवण्याचं. एवढ्या नाजूक बाळासाठी प्रवास हाच धोका असतो. अंग गार पडतं, नळी निसटते, साखर उतरते. म्हणून ‘खाजगी म्हणजे चांगलं’ एवढ्यावर हलवू नका. बाळाला व्हेंटिलेटर लागतोय आणि तिथे तो नाही, किंवा ऑपरेशनची गरज आहे, तर जरूर हलवा. तेही तिथल्याच डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयात फोन करून बेड पक्का केल्यावर, ऑक्सिजन आणि बाळाला गरम ठेवायची सोय असलेल्या रुग्णवाहिकेतून. कुणाच्या ओळखीच्या गाडीत मांडीवर घेऊन नाही. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. हलवावंच लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय बसतं का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, आधी विचारा. नंतर विचारून फारसा उपयोग होत नाही.

वजनाची काळजी सोडा. सुरुवातीला दहा टक्क्यांपर्यंत घट या बाळांत चालते, जन्माचं वजन साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. मॉनिटर वाजतो तो पुष्कळदा पायाचा प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजणारी पट्टी, सैल झाल्याने. कधी बाळ खरंच श्वास विसरतं. सिस्टर तळव्याला टिचकी मारते, ते पुन्हा घेतं. त्यासाठी कॅफीन देतात, हो, चहा-कॉफीतलंच.

डोळ्यांची तपासणी मात्र विसरलात तर मी ऐकून घेणार नाही. दोन किलोखाली किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांचा पडदा, म्हणजे रेटिना, जन्मानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत तपासायलाच हवा. तोवर घरी सोडलं तरी आणि डोळे बाहेरून छान दिसत असले तरी. बिघाड असेल तर लेझरसाठी हाताशी दोन-तीन दिवसच असतात, नंतर दृष्टी परत मिळत नाही. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. कानाची तपासणीही त्याबरोबर विचारा.

घरी आल्यावर आजीला दुखवायचं नाही, पण मध, घुटी, काजळ, धुरी, टाळूवर तेल, यातलं काही नको. बारसं थांबू शकतं. लसी जन्मतारखेप्रमाणेच, मान धरणं, बसणं मात्र बाळंतपणाच्या मूळ दिलेल्या तारखेपासून मोजा, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून उगाच रडत बसाल.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा सीपॅपवर ऑक्सिजन किती टक्के चालू आहे आणि नळीतून दर किती तासांनी किती मिली दूध जातं, एवढं विचारून लिहा. वजनापेक्षा त्यावरून जास्त कळेल.