पहिल्या कॅम्पला निघण्याआधी

प्रिय कॅडेट,

एनसीसीच्या सीनियर विंगमध्ये भरती झालीस, रेजिमेंटल नंबर मिळाला, आणि पहिला वार्षिक कॅम्प दीड महिन्यावर आला आहे. पुढे सैन्यात अधिकारी व्हायचं तुझ्या मनात आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

घरच्यांच्या मनातली एक शंका आधी मिटवून टाक. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजेच एनसीसी, 1948 च्या कायद्याने उभी राहिली, आणि तिच्यात नाव घातल्यामुळे सैन्यात जायचं कसलंही बंधन तुझ्यावर येत नाही. तू कॉलेजात शिकणारी विद्यार्थिनीच राहतेस. शिकवणारे पीआय स्टाफ, म्हणजे कायम नेमलेले प्रशिक्षक, मात्र पलटणीतून आलेले हवालदार आणि सुभेदार असतात, आणि एएनओ मॅडम, म्हणजे कॉलेजातल्या एनसीसी अधिकारी, कॉलेजच्याच प्राध्यापिका असल्या तरी त्यांनीही ग्वाल्हेरच्या अकादमीत वर्दी घालून प्रशिक्षण घेतलेलं असतं. त्यामुळे शिकवण्यात सूट मिळेल असं समजू नकोस.

कॅम्प साधारण दहा दिवसांचा. एवढ्यात नवी सवय अंगात मुरत नाही, बरोबर नेलेलीच कामाला येते. जिचं सगळं लक्ष टाचेवरच्या फोडात अडकलंय, तिला शेजारच्या मुलीचा पांढरा पडलेला चेहरा दिसत नाही. अधिकारी व्हायचं असेल तर तो चेहरा दिसायला हवा. आणि तेवढं लक्ष मोकळं राहायला हवं असेल, तर स्वतःचं शरीर आणि सामान यांची काळजी घरूनच घेऊन निघावं लागतं.

म्हणून सुरुवात पायांपासून. ड्रिलचे बूट आजच ताब्यात घे. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा जाड मोजे घालून मापून बघ. पुढे अंगठा हलला पाहिजे आणि मागे टाच उचलली जाता कामा नये. पहिला आठवडा घरातच रोज अर्धा तास घाल, दुसऱ्या आठवड्यात तासभर बाहेर चाल, तिसऱ्यात बूट घालून पाय आपट. बूट नवेकोरे घेऊन कॅम्पला जाणाऱ्या मुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडायला लागतात. त्यात दोष बुटांचा कमी आणि ओल्या मोज्यांचा जास्त असतो. घामाने कातडी मऊ पडते आणि मग घासली की सुटते. मोज्यांचे किमान सहा जोड ने आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत न चुकता बदल. टाचेला चटका बसल्यासारखं वाटलं की फोड यायच्या आधीच तिथे चिकटपट्टी लाव. फोड आलाच तर सुईने फोडू नकोस, एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, दाखव. कॅम्पच्या धुळीत उघडा फोड पिकायला वेळ लागत नाही.

पळण्याचं उलटं आहे. तिथे उत्साहच नडतो. सवय नसताना रोज पळायला लागलीस तर पंधरा दिवसांत नडग्या दुखायला लागतील आणि कॅम्पला तू दुखऱ्या पायांनी जाशील. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 2 किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगाने. पुढचे दोन आठवडे 3 आणि शेवटी 4. निघण्याआधीचे तीन दिवस फक्त चाल. एकदा हिमोग्लोबिनही तपासून घे. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपाय करायला अजून वेळ आहे, कॅम्पमध्ये तो मिळणार नाही.

आता ड्रिल. सावधानमध्ये टाचा जोडलेल्या, पंजांमध्ये 30 अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठा पँटच्या शिवणीला लागलेला. विश्राममध्ये डावा पाय 12 इंच बाजूला. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते दुसरीकडे. प्रत्येक हुकुमाचे दोन भाग असतात: ‘दाहिने’ हा सावध करणारा आणि ‘मुड’ हा कृतीचा. पहिला भाग ऐकूनच जी वळते ती सगळी रांग बिघडवते, आणि ही चूक मठ्ठ मुलीपेक्षा हुशार मुलीकडून जास्त होते, कारण पुढचा हुकूम तिने आधीच ओळखलेला असतो. ओळखलास तरी थांब. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चालताना ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा हात पुढे येणं. हाताचा विचार करायला लागलं की हे होतं. त्यावर उपाय असा: वीस पावलं साधं, बाजारात चालतो तसं चाल, हात आपोआप बरोबर पडतील. मग थांबायचं नाही, तेच हात हळूहळू कोपरात सरळ करत खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे.

परेडला उभं असताना मुली पडतात, हे तू पाहशील. पलटण सावधानमध्ये, ऊन डोक्यावर, नाश्ता अर्धवट टाकलेला. पाय हलत नाहीत म्हणून रक्त खाली साठतं, मेंदूला कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. यात लाजण्यासारखं काही नाही, पण टाळता मात्र येतं. बुटाच्या आत बोटं आवळ आणि सोड, पोटऱ्या ताण आणि ढिल्या कर. बाहेरून कुणाला दिसत नाही आणि रक्त वर ढकललं जातं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर पाणी पी, फॉलिनच्या, म्हणजे रांगेत उभं राहण्याच्या, आधी दोन घास तरी खा. कानात घूं घूं झालं, थंड घाम फुटला, तर तिथल्या तिथे खाली बस. बसणाऱ्या मुलीला कुणी नावं ठेवत असेल तर ठेवू दे. उभ्याने कोसळून हनुवटी फोडून घेणं कितीतरी वाईट. शेजारची मुलगी डुलायला लागली तर तिचा दंड धर आणि तिला सावकाश खाली बसव. त्यासाठी परवानगीची वाट पाहू नकोस.

सामानाचं थोडक्यात सांगते. ताट, मग, चमचा, बादली, कुलूप, टॉर्च, मच्छरदाणी, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी, सुईदोरा आणि वर्दीची जादा बटणं, पॉलिश, दोन ब्रश, बेल्टच्या पितळेसाठी ब्रासो. प्रत्येक वस्तूवर नाव आणि नंबर लिही, कारण बरॅकमध्ये चाळीस मग एकसारखे असतात. केसांसाठी काळी जाळी आणि काळ्या पिना. अंबाडा इतका खाली बांध की बॅरे, म्हणजे वर्दीची टोपी, त्यावर अडकून मागे कलणार नाही. सॅनिटरी पॅड गरजेच्या दुप्पट ने, कारण धावपळीने आणि बदललेल्या झोपेने पाळीची तारीख पुढेमागे होते. त्या दिवसांत फार त्रास होत असेल तर जीसीआय, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षिका, मॅडमना सकाळीच सांग, पीटीच्या मध्यात नाही. दागिने आणि जास्त पैसे घरी ठेव.

फायरिंगची धास्ती बहुतेक जणींना असते. पॉइंट टू-टू रायफलचा धक्का अगदी किरकोळ असतो. दचकायला होतं ते आवाजाने, आणि तेही शेजारच्या लेनमधल्या. अंतर 25 मीटर. लेटकर पोजिशन, म्हणजे पालथं पडून, घेताना शरीर नेमाच्या रेषेला थोडं तिरकं ठेव, पाय फाकलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या, डावं कोपर शक्य तितकं रायफलच्या खाली, बट खांद्याच्या खोबणीत घट्ट. मग डोळे मीट, दोन श्वास घे आणि डोळे उघड. नेम निशाणावरून सरकला असेल तर हातांनी रायफल ओढून आणू नकोस. कंबर आणि पाय सरकव. हाताने धरून ठेवलेला नेम ट्रिगर दाबताना परत आपल्या जागी जातो.

नजर फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या साइटच्या, टोकावर. निशाण थोडं धूसर दिसेल, दिसू दे. अर्धा श्वास सोड, रोख, ट्रिगर सरळ मागे दाबत जा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर बोट काढ, श्वास घे आणि पहिल्यापासून सुरू कर. श्वास कोंडून ताणत राहिलं की डोळा थकतो आणि मग झटका बसतो. गोळी सुटल्यावर लगेच मान वर करून बघायचं नाही.

पाच गोळ्यांचा ग्रुप मधोमध पडला का, हे सगळ्या आधी विचारतात. तू आधी तो किती लहान आहे ते बघ. लहान ग्रुप कोपऱ्यात पडला तरी साइट दुरुस्त करून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या गोळ्यांना साइट काही करू शकत नाही. भोकं वरखाली एका रेषेत असतील तर श्वास चुकतो आहे. उजव्या हाताने फायर करणारीचा ग्रुप उजवीकडे खाली गेला तर बहुधा ट्रिगरला झटका बसतो आहे. दोन वेगळे पुंजके दिसले तर मध्येच कोपर हललं. रायफल रिकामी आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी नळी निशाणाकडेच आणि बोट ट्रिगरबाहेर. फायरिंग पॉइंटवर हुकूम नीट ऐकू आला नाही तर काहीही करू नकोस, जागेवरूनच विचार.

नकाशावाचनात जवळपास सगळे गुण दोन जागी जातात. सहा अंकी ग्रिड संदर्भात पूर्वेकडे जाणारे आकडे आधी आणि उत्तरेकडे जाणारे नंतर. 1:50,000 च्या नकाशावर असा संदर्भ तुला 100 मीटरच्या चौकोनात नेतो, पण आकड्यांचा क्रम उलटला तर तू काही किलोमीटर भलतीकडे असतेस. दुसरं, बॅक बेअरिंग, म्हणजे परतीच्या दिशेचा कोन: मूळ बेअरिंग 180 पेक्षा कमी असेल तर 180 मिळव, जास्त असेल तर वजा कर. कंपास बघताना रायफल, बेल्टचं बक्कल आणि मोबाइल यांच्यापासून लांब उभी राहा.

कॅम्पमध्ये सीनियर रगडा देतील. फ्रंट रोल, मैदानाला चक्कर, पुन्हा पॉलिश, हे चालायचंच. पण रात्री लाइट बंद झाल्यावर बरॅकमध्ये दिलेली शिक्षा, अंगाला हात लावणं, अपमानकारक काही करायला लावणं, याला शिस्त म्हणत नाहीत, देणारी अंडर ऑफिसर, म्हणजे वरच्या हुद्द्याची कॅडेट, असली तरी. सकाळपर्यंत थांबू नकोस. जीसीआय किंवा एएनओ मॅडम मुलींच्याच लाइनमध्ये राहतात, त्यांना उठव. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत होताना पाहिलंस तरीही हेच कर.

सेक्शनची, म्हणजे छोट्या तुकडीची, जबाबदारी तुझ्याकडे आली, आणि पहिल्या वर्षीही ती अचानक येते, तर रोल कॉलच्या आधी स्वतः डोकी मोज. कुणाच्या सांगण्यावरून ‘सब हाजिर’ म्हणू नकोस. मेसमध्ये तुझ्या सेक्शनचं वाढून झाल्यावर ताट पुढे कर.

राहिली कागदपत्रं. कॅम्पसाठी डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र, पालकांचं संमतिपत्र, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागेल. एनसीसीच्या ‘बी’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बसायचं तर 75 टक्के हजेरी आणि एक कॅम्प हवा. तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्रासाठी ‘बी’ हातात असायला लागतं आणि आणखी एक कॅम्प. बऱ्याच चांगल्या कॅडेट इथेच अडकतात, दुसरा कॅम्प विद्यापीठाच्या परीक्षेच्या तोंडावर आला म्हणून सोडतात आणि तिसऱ्या वर्षी जागा मिळत नाही. दुसरा कॅम्प दुसऱ्या वर्षातच उरकून टाक. मध्ये कॉलेज बदललंस, समजा गोव्यात गेलीस, तर तिथली युनिटं कर्नाटक आणि गोवा संचालनालयाखाली येतात, तेव्हा बदलीचे कागद हातात घेतल्याशिवाय इथून हलू नकोस.

‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला 50 टक्के गुण असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारीपदांसाठीची, लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीसाठी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी, अर्ज करता येतो. वय 19 ते 25, अविवाहित. निवड झाली तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत 49 आठवडे. मुलींच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात, म्हणून सीडीएसचा अभ्यासही सोबत चालू ठेव. एसएसबीच्या पाच दिवसांत प्रमाणपत्राला वेगळे गुण नाहीत. मैदानावरच्या गटकार्यात तुझं लक्ष कुठे असतं ते तिथे बघतात.

या आठवड्यात एवढं कर: युनिटच्या रजिस्टरमध्ये तुझं आणि वडिलांचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच लिहिलंय का, ते एएनओ मॅडमसमोर तपासून घे. आता ते मॅडमच्या पेनाने दुरुस्त होतं. ‘सी’चा फॉर्म भरताना त्याला महिने लागतात.

जय हिंद.